अर्ध्या किलोचा कॅमेरा

शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर पडलं की टोकियोतली कॅमेऱ्यांची पेठ लागते. नव्या मालाची दुकानं अनेक मजली आणि झगमगीत; त्यांची जाहिरातगीतं दिवसभर फुटपाथवर वाजत असतात. जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं मात्र सराफाच्या पेढीसारखी शांत. काचेच्या कपाटात एकेक कॅमेरा, शेजारी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर त्या वस्तूचे दोष: लेन्समध्ये बारीक धूळ, कोपऱ्यावरचा रंग उडालेला, पट्ट्याच्या कडीजवळ ओरखडा. मालाचं न्यून विकणाराच आधी सांगतो आणि मग किंमत लावतो ती शेवटची. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जुना कॅमेरा घ्यायचा, तर दोष गिऱ्हाइकाने शोधायचे, दुकानदाराने ते नाकारायचे आणि किंमत दोघांनी मिळून ठरवायची. मला दुसरी पद्धत जास्त बोलकी वाटते, पहिली जास्त स्वस्त पडते. कारण तिथे फसगतीची किंमत धरावी लागत नाही. या कपाटांपुढे उभं राहिलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गळ्यात लोंबकळवायचे भलेथोरले कॅमेरे इथे आहेतच, पण गर्दी होते ती कोटाच्या खिशात मावणाऱ्यांपुढे. बघणारे सगळेच पर्यटक नसतात. ऑफिस सुटल्यावर बॅग खांद्याला तशीच ठेवून लेन्स न्याहाळणारे लोक असतात, त्यांना लग्नाचे किंवा वाघाचे फोटो काढायचे नसतात. रोजचा रस्ता, रोजचं जेवण, आपल्या गल्लीतली मांजरं एवढाच त्यांचा विषय.

छोट्या मिररलेस कॅमेऱ्याची गोष्ट याच देशात सुरू होते, म्हणून त्याची पहिली ओळख इथल्या रस्त्यांवर करून घेणं रास्त ठरतं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे तिरका आरसा असे. तो प्रकाश वर फेकी आणि माथ्यावरच्या काचेच्या लोलकातून तो डोळ्यापर्यंत येई. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून लेन्स सेन्सरपासून साडेचार सेंटिमीटरच्या आसपास दूर ठेवावी लागे. आरसा आणि लोलक काढून टाकले की हे अंतर दोन सेंटिमीटरवर येतं आणि सगळं यंत्र चपटं होतं. पॅनासॉनिकने २००८ मध्ये ‘जी१’ आणला तो अशा लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतला पहिला, पण दिसायला तो लहानशा एसएलआरसारखाच होता. पुढच्या वर्षी ऑलिंपसने काढलेला ‘पेन’ खऱ्या अर्थाने चपटा निघाला. त्याचं नाव १९५९ च्या एका कॅमेऱ्यावरून घेतलेलं. योशिहिसा माइतानी यांनी घडवलेला तो जुना ‘पेन’ फिल्मची अर्धीच चौकट वापरायचा, त्यामुळे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो निघत. युद्धातून सावरणाऱ्या देशात फिल्म जपून वापरणाऱ्या माणसांसाठी ती सोय होती. रोज जवळ बाळगायच्या कॅमेऱ्याची कल्पना जपानला डिजिटल युगात सुचलेली नाही, हे सांगायला एवढं पुरे.

अशा कॅमेऱ्याबद्दल लिहिणारे बहुतेकजण चित्राच्या प्रतीपासून सुरुवात करतात. सेन्सर केवढा, अंधारात दाणे किती, कडा किती धारदार. मला तो वाद जवळपास मिटलेला वाटतो. सतरा मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरमधून निघालेलं चित्र घरच्या भिंतीवर लावण्याइतकं चांगलं असतं, आणि त्याहून मोठं छापायची वेळ आपल्यापैकी फारच थोड्यांवर येते. जपानी रस्त्यांवर हा कॅमेरा हाताळताना माझ्या मते पटतं ते वेगळंच: कॅमेऱ्याचा आकार हा आधी वागणुकीचा प्रश्न आहे, चित्राचा नंतर. लेन्ससकट अर्धा किलो भरणारं यंत्र समोरच्याला दिसतं, पण त्याच्यावर चालून जात नाही. फोन दिसतच नाही, कारण तो सगळ्यांच्याच हातात असतो. आणि दीड-दोन किलोंचा कॅमेरा इतका दिसतो की दुसरं काही दिसू देत नाही. फोटो काढणारा आणि फोटोतला माणूस यांच्यात जो अलिखित करार व्हायला हवा, त्याला या दोन टोकांच्या मधला आकार मानवतो.

कपाटांची ती दुकानं सोडून रुळांच्या कडेला आलं की ओमोइदे योकोचो लागते. युद्धानंतरच्या काळ्याबाजारातून उगवलेली ही बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खांदा तिरका करावा, एवढी अरुंद. दोन्ही बाजूंना कोळशावर कोंबडीच्या काड्या भाजणारी खोपटी, प्रत्येकात सात-आठ स्टुलं. धूर, सॉयचा खमंग वास, तापल्या सळयांवर ठिबकणारी चरबी. इथे मोठी लेन्स वर केली तर ती समोरच्या गिऱ्हाइकाच्या ताटलीवरच जाते. काही खोपट्यांवर फोटोला मनाई असल्याचं लिहिलेलं असतं; स्टेशनच्या पलीकडच्या गोल्डन गाईतल्या बोळांत तर परवानगीशिवाय फोटो काढू नका अशा पाट्याच आहेत. पण पाटी नसेल तिथे काय करायचं, हे कॅमेऱ्याच्या आकारावर ठरतं. चपट्या मिररलेसचा व्ह्यूफाइंडर बऱ्याचदा मधोमध नसून डाव्या कोपऱ्यात असतो. उजवा डोळा त्याला लावला की कॅमेरा गालाच्या उजवीकडे जातो. नाक, तोंड आणि डावा डोळा मोकळे राहतात. समोरच्या आचाऱ्याला तुमचा अर्धा चेहरा दिसतो. भुवई उंचावून विचारता येतं, मान तुकवता येते, हसता येतं. तो काडी उलटताना बोटाने इवलीशी फुली करतो किंवा हलकेच मान डोलावतो, आणि व्यवहार तिथेच मिटतो. एसएलआरच्या मागे गेलेला चेहरा मात्र पुरता झाकतो, आणि उरतो तो काचेचा एक मोठा गोल. त्याला होकार कसा द्यायचा आणि नकार तरी कसा?

यावर पहिला आक्षेप सरळ येतो. फोन याहूनही लहान आहे, शिवाय खिशात असतोच, मग वेगळं यंत्र कशाला? उत्तर जपानी फोनमध्येच आहे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्याचा ‘खटक्’ आवाज बंद करता येत नाही. हा कायदा नाही. फोन कंपन्यांनी आपण होऊन पाळलेला नेम आहे. गाडीत, जिन्यावर चोरून फोटो काढणाऱ्यांचा उपद्रव वाढला, म्हणून हातातल्या वस्तूलाच बोलकं करावं लागलं. फोन इतका सामान्य, इतका अंगचा झालाय की तो कधी संदेश वाचतोय आणि कधी टिपतोय हे बाजूच्याला कळत नाही. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो डोळ्याला लागला की त्याचा हेतू जाहीर होतो, दुसरं कुठलंच काम तो करत नसतो. टोकियोच्या गाडीत याचा प्रत्यय येतो. डबा भरलेला, पण फोनवर कुणी बोलत नाही, बहुतेकांची नजर खाली. या शांततेत कॅमेरा वर करण्याची हिंमत होत नाही, आणि होऊ नये हेच बरं. फोन मात्र सगळ्यांच्याच हातात छातीच्या उंचीवर धरलेले असतात. संकोच वाटायला लावणारं यंत्र हे चांगलं यंत्र, असं मी म्हणेन. आपल्या लोकलमध्ये तेवढा संकोच कुणालाच वाटत नाही आणि कुणी वाटूनही घेत नाही, हा भाग निराळा.

शहराच्या दुसऱ्या अंगाला निप्पोरी स्टेशनपाशी उतरावं. जवळच्या पुलावर गाड्या बघायला मुद्दाम सज्जा ठेवला आहे आणि आईबापांच्या कडेवरून पोरं शिंकानसेन न्याहाळत असतात. तिथून यानाका. १९२३ चा भूकंप आणि नंतरचे बॉम्बहल्ले यांतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून इथे लाकडी घरं, देवळं, एक मोठी दफनभूमी आणि उतारावरच्या पायऱ्यांखाली पसरलेली चिंचोळी बाजारपेठ टिकून आहे. लोणच्यांची पिंपं, भाजलेल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, खिम्याचे तळलेले गोळे. खाणारा दुकानापुढे उभा राहून खातो, कागद दुकानदाराच्याच टोपलीत टाकतो आणि मग चालू लागतो. इथे कॅमेरा डोळ्याला लावला की समोरून येणारा माणूस थबकतो. फोटो होईपर्यंत थांबतो, किंवा तळहात उभा धरून हवा कापल्यासारखं करत, कंबरेत वाकून, झटकन चौकटीतून निघून जातो. दुसऱ्याच्या फोटोत आपण अडगळ होतो आहोत याचं त्यालाच ओशाळं वाटतं. पुण्यात मंडईत किंवा कोल्हापुरात रंकाळ्यावर याच्या बरोब्बर उलट. तिथे माणसं चौकटीत शिरतात. ‘ओ दादा, आमचा पण काढा की’ म्हणत पोरं रांग लावतात, भाजीवाली मावशी पदर सारखा करते आणि फोटो बघायचाच असा हट्ट धरते. तिथला होकार आधी मिळतो आणि मोठ्याने मिळतो. इथला विचारावा लागतो आणि न बोलता मिळतो. गंमत अशी, की दोन्हीकडे छोटाच कॅमेरा जास्त उपयोगी पडतो. जपानी माणूस मोठ्या लेन्सपुढे जास्त वेळ थांबतो, म्हणजे आपण त्याचा जास्त वेळ खातो. आणि आपली माणसं मोठी लेन्स पाहिली की ‘कुठल्या पेपरचे?’ असं विचारून सावरून बसतात. मग फोटोत माणूस येत नाही, त्याची मुलाखत येते.

आकार पाहून माणूस जोखण्याची सवय तर आपल्याकडे दारोदार दिसते. बागेच्या किंवा मॉलच्या दारातला रखवालदार ‘प्रोफेशनल कॅमेरा अलाउड नाही’ म्हणून एसएलआर अडवतो आणि त्याहून सरस चित्रं काढणारा खिशातला मिररलेस खुशाल आत सोडतो. त्याला हसायचं कारण नाही. सेन्सरचं माप त्याला कळत नसेल, पण मोठं यंत्र घेऊन आलेला माणूस जागा अडवतो, लोकांना बाजूला सरा म्हणतो, पोज घ्यायला लावतो, एवढं त्याने पाहिलेलं असतं. अनुभवाने तो जिथे पोहोचला आहे तिथेच माझा मुद्दाही पोहोचतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लहान कॅमेरा सभ्य कसला, तो तर हेरगिरीला सोयीचा. त्यातून मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक शटर मुळीच आवाज करत नाही. फोनला ओरडायला लावणाऱ्या देशात हा मुका राहू शकतो. पुरावाही आहे. शिंजुकूच्याच गल्ल्यांत आयुष्य घालवलेले छायाचित्रकार दाइदो मोरियामा खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याने, पुष्कळदा व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता फोटो काढत आले. त्यांची चित्रं थोर आहेत आणि त्यांतली कितीतरी कुणाला न विचारता काढलेली आहेत. २०२० मध्ये एका जपानी कंपनीने आपल्या छोट्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीसाठी एक चित्रफीत काढली. तीत छायाचित्रकार टोकियोच्या रस्त्यावर अनोळखी माणसांच्या अगदी तोंडासमोर कॅमेरा नेत होता. लोक भडकले आणि कंपनीला ती मागे घ्यावी लागली. म्हणजे लहान यंत्र माणसाला आपोआप सभ्य करत नाही, हे मान्यच. पण लोक कशावर भडकले ते पाहावं. कॅमेरा लहान असल्यावर नव्हे. माणूस वाट अडवून अंगावर आला आणि विचारायची संधी असून विचारलं नाही, यावर. मोठ्या कॅमेऱ्याने दूरवरून टिपलेल्या चेहऱ्याला ती संधीच नसते. छोट्या कॅमेऱ्यावरची लहान, झूम नसलेली लेन्स तुम्हाला माणसापासून दोन-तीन मीटरवर जायला लावते, आणि तेवढ्या अंतरावरून केलेला असभ्यपणा लपत नाही. लपत नाही म्हणूनच त्याला अटकाव होतो. राहिला मुका शटर. तो यंत्राचा गुण नव्हे, निवड आहे. माणसं असतील तिथे यांत्रिक शटर चालू ठेवावा आणि त्याचा बारीक ‘टक्’ ऐकू जाऊ द्यावा.

त्याला एक निव्वळ तांत्रिक कारणही आहे, आणि ते कळायला टोकियो सोडून पश्चिमेला जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. म्हणून आजही जपानच्या पूर्वेला वीज ५० हर्ट्झची आहे आणि पश्चिमेला ६० ची. जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे वीजप्रवाहाबरोबर लुकलुकतात, टोकियोत सेकंदाला शंभर वेळा, क्योटोत एकशेवीस वेळा. डोळ्याला ते जाणवत नाही, पण मुका शटर सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो, म्हणून चित्रावर आडवे काळपट पट्टे उमटतात. टोकियोत शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवला की बरेचसे पट्टे जातात. भारतात वीज ५० हर्ट्झचीच असल्याने पुण्यातली सवय इथे चालते. क्योटोत तीच सवय नडते, तिथे साठावा किंवा एकशे पंचविसावा भाग लागतो. तिथल्या निशिकी बाजाराच्या छताखाली हे फार जाणवतं. मुरवलेली वांगी, सुक्या माशांचे पापुद्रे, सोयादुधाचे वडे, चमकत्या ऑम्लेटच्या लाद्या. सगळं दिव्यांच्या उजेडात. इथेही चालता चालता खाऊ नका म्हणून विनंती लिहिलेली. टोकियोजवळच्या कामाकुरा शहराने २०१९ मध्ये गर्दीत चालत खाण्याविरुद्ध नियमच केला, पण शिक्षा ठेवली नाही. फोनच्या आवाजासारखंच. जपानी लोक शिक्षेआधी लाज वापरून बघतात.

ती लाज कुठे संपते हेही क्योटोतच दिसतं. तिथल्या गिओन भागात संध्याकाळी माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, चहागृहाकडे निघतात तेव्हा त्यांच्या मागे पर्यटक धावतात, वाट अडवतात, किमोनोची बाही ओढतात. आधी रहिवाशांनी विनंती केली, मग २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास दहा हजार येन भरावे लागतील अशा पाट्या लागल्या, आणि २०२४ मध्ये त्या गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको गावाने एका दुकानासमोर अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळं जाळं ताणलं. दुकानामागे उगवलेला फुजी टिपायला लोक रस्ता अडवत होते म्हणून. ते ऑगस्टमध्ये वादळाच्या धास्तीने काढलं, पण तोवर जगभर गाजलं होतं. या दोन ठिकाणी माझा युक्तिवाद थिटा पडतो हे खरं. शेकडो माणसं एकाच चित्रासाठी एकाच जागी उभी राहिली की प्रत्येकाच्या हातात फोन आहे की मिररलेस, याने काही फरक पडत नाही. ज्या फोटोसाठी रांग लागते तो रोजच्या फोटोत मोडतच नाही, आणि छोटा कॅमेरा रोजसाठी आहे.

क्योटोतल्याच सांजुसांगेन्दो देवळात तर प्रश्नच निकालात निघतो. एका लांबलचक लाकडी सभागृहात कान्नोनच्या हजार उभ्या मूर्ती आणि मध्ये एक मोठी बैठी, आणि आत फोटोला सक्त बंदी. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर; कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात तो अकरा मुखांचा उभा आहे, तशीच इथल्या मूर्तींना अकरा मुखं आहेत, वर हजार हातांची कल्पना. जपानच्या एका प्रख्यात कंपनीने १९३४ मध्ये केलेल्या आपल्या पहिल्या नमुन्याला याच देवतेचं नाव दिलं होतं: ‘क्वानॉन’, त्याचंच पुढे ‘कॅनन’ झालं. ज्याच्या नावाने कॅमेरे निघाले त्याच्याच दारात कॅमेरा बंद करावा लागतो, आणि ते छान वाटतं. मोठा कॅमेरा असता तर पिशवीत कोंबायची कसरत झाली असती. हा खिशात जातो आणि हात मोकळे होतात.

शेवटचा आक्षेप पैशांचा आणि अंतराचा. चांगला छोटा मिररलेस आणि एक लेन्स यांत मध्यमवर्गीय माणसाचा महिन्याचा पगार सहज जातो, बॅटरी तीनशे-साडेतीनशे फोटोंत संपते, आणि दूरचा पक्षी किंवा मैदानावरचा खेळ यांना तो कामाचा नाही. हे सगळं खरं आहे आणि त्यावर इलाज नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये खरा रस्ता दिसत नाही, छोट्या पडद्यावरचं त्याचं चित्र दिसतं, ही कुरकूरही योग्यच. पण फोटो किती उजळ येणार ते तो आधीच दाखवतो, म्हणून काढल्यावर मान खाली घालून स्क्रीन तपासत बसावं लागत नाही आणि नजर समोरच्या माणसावरच राहते. पक्ष्यांसाठी मोठंच यंत्र घ्यावं. रस्त्यासाठी, बाजारासाठी, पाहुणचारासाठी मात्र मी छोटंच घ्यायला सांगेन, तेही नवं नको. जपानला जाणार असाल तर शिंजुकूच्या जुन्या दुकानात दोषांची चिठ्ठी नीट वाचून घ्या, सोबत जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या कोनाइतकी दिसणारी एकच लेन्स घ्या, झूम घरी ठेवा, शटर यांत्रिक ठेवा. आणि क्योटोत उतरल्यावर त्याचा वेग बदलायला विसरू नका.